नव्वदाचा दम

टिकारामचा दम नव्वदाचा, हे तुम्ही आर्वीच्या बाजारात कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. कापसाच्या बंड्या हाकणाऱ्यांना ते माहीत होतं, मोटारअड्ड्यावरच्या चहावाल्याला माहीत होतं, आणि ज्यांच्या विहिरीत कधी काही पडलंच नव्हतं त्यांनाही माहीत होतं. ते खोटं आहे हे मात्र मला पक्कं ठाऊक होतं, कारण तो आकडा मोजणारा मीच होतो.

टिकाराम माझे भाऊजी. माझी थोरली बहीण गंगा त्यांच्या घरी दिलेली. आम्ही ढिवर, वर्धा नदीच्या काठचे, पण आमच्या घराण्यात जाळ्यापेक्षा बुडीचं काम जास्त. विहिरीत पाणी भरायचा गुंड पडला, मोटेचं चाक पडलं, नाहीतर नव्यानं निघालेल्या इंजिनाचा पाइप निसटला, की लोक आमच्याकडे येत. कधी माणूसही काढावं लागे. नागपूर अजून मध्यप्रदेशाची राजधानी होतं तेव्हाची ही गोष्ट, त्या वेळी अशा कामाला तालुक्यात आम्हीच.

माझा बाप डोमाजी हा मूळचा पाणबुड्या. त्यानं भाऊजींना शिकवलं आणि मग पोरगी दिली. मलाही शिकवायला गेला होता, पण माझे कान दोन पुरुषांवर ठणकायला लागतात. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी खोली. दोन पुरुषांच्या पाण्याला घाबरणारा पोरगा बघून बापानं कपाळावर हात मारला आणि माझ्या हातात दोर दिला. तेव्हापासून मी दोरवाला. पाणबुड्या कंबरेला दोर बांधून, छातीशी दगड धरून खाली जातो. मी वर बसून मोठ्यानं आकडे मोजतो. दोराला दोन हिसके बसले की ओढायचं. काम सोपं आहे, पण चुकलं तर एकदाच चुकतं.

बापाचा हिशोब साधा होता. एक पुरुष खाली जायला तीन आकडे, एक पुरुष वर यायला तीन. तळाशी गाठ मारायला वीस. आणि एवढं सगळं होऊन वीस आकडे हातात राहिले पाहिजेत. ते वीस राहत नसतील तर ती विहीर आपली नाही, मालकाला रामराम करून घरी यायचं. आकडा म्हणजे तरी काय, तर चालत्या बैलाचं एक पाऊल. बैल कामावरून घरी येताना जसा चालतो तसा, ना घाईत, ना रेंगाळत. आणखी एक नियम होता. बुडी मारण्याआधी पाणबुड्यानं दोरवाल्याला विचारायचं, "जाऊ?" आणि दोरवाल्यानं म्हणायचं, "जा." त्यानं जा म्हटल्याशिवाय कुणी पाण्यात पाय घालायचा नाही. बाप स्वतः वयाच्या साठीपर्यंत माझ्या आईला विचारून बुडी मारत असे, आणि आई दोनदा नाही म्हणाली तेव्हा दोनदा परत आला.

दसऱ्याला इतर लोक हत्यारं पुजतात, आम्ही दोर आणि दगड पुजतो. पूजा झाली की नदीत उतरून दमाची मोजणी. पाणबुड्या मान पाण्याखाली घालून बसतो आणि दोरवाला काठावरून सगळ्यांच्या देखत मोजतो. जो आकडा निघेल तो वर्षभराचा. त्यावर पुढच्या दसऱ्यापर्यंत कुठली विहीर घ्यायची आणि कुठली सोडायची हे ठरतं. भाऊजींचा आकडा नव्वद होता, आणि तो खरोखरच नव्वद होता. मी इमानानं मोजलेला.

मग एका हिवाळ्यात त्यांना छातीचा ताप आला. बावीस दिवस खाटेवर होते. उठले तेव्हा अर्धे झाले होते, पण उन्हाळ्यापर्यंत अंग भरलं, आवाज परत आला, आणि दसऱ्याला ते नेहमीसारखे नदीत उतरले. मी मोजायला लागलो. पस्तिसाला त्यांच्या खांद्याभोवतीचं पाणी थरथरलं. हे थरथरणं एरवी साठाच्या पुढे यायचं. मी पाहिलं, आणि काठावर आरतीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या गंगाताईकडेही पाहिलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही मला नुसता लबाड समजाल. आमच्यात थोरल्या बहिणीचा नवरा म्हणजे पहिली भाकर, पहिली घोंगडी, पहिला शब्द. भाऊजींच्या तोंडावर नाही म्हणायची आम्हाला सवयच नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तरी ते छान आहे म्हणायचं, कारण भाऊजी छान म्हणाले. त्यात आजारातून उठलेले, आणि चारचौघांत बसलेले. माझी जीभ आपोआप धावायला लागली. पाण्यातून डोकं वर आलं तेव्हा मी नव्वदावर पोचलो होतो.

"किती?" त्यांनी विचारलं.

"नव्वद."

ते हसले. लहान मुलासारखे हसले, हे मला अजून दिसतं. लोकांनी सोनं वाटलं. घरी येताना गंगाताई माझ्या बाजूला आली आणि हळूच म्हणाली, "सोनबा, यंदा तुहा बैल लय घाईत होता."

"पोळ्याचं खाऊन माजला असन," मी म्हणालो. ती हसली नाही.

पुढच्या एका कामात मी तोंडानं वेगळं आणि मनात वेगळं मोजून पाहिलं. खरा आकडा साठ होता. मी बसून हिशोब केला. पाच पुरुष पाणी असेल तर पंधरा, वीस आणि पंधरा, झाले पन्नास. साठातून हातात दहा उरतात. वीस नाही, पण दहा तरी. म्हटलं, पाचाच्या वर काम आलं की बोलू. आमच्याकडच्या विहिरींत पाचाच्या वर पाणी असतंच किती? असं म्हणून मी आणखी तीन दसरे काढले. आणि तीनही वेळा नव्वद.

चौथा दसरा होऊन पंचवीस-तीस दिवस झाले असतील. हिंगणीकडच्या एका गावाहून चंद्रभान नावाचा माणूस आला. तिथले मोठे शेतकरी महादेवराव यांचा निरोप घेऊन आला होता. त्यांच्या गावाबाहेर जुनी बावडी आहे, काठावर महादेवाचं देऊळ. महादेवरावांनी वडिलांच्या नावानं देवळाला पितळी घंटा दिली होती. टांगताना लाकूड मोडलं आणि घंटा पायऱ्यांवरून टप्पे खात बावडीत गेली. लोखंडी गळ टाकून पाहिला, घंटा दोनदा लागली आणि दोनदा सुटली. गावचे दोन पहिलवान उतरले, ते तीन पुरुषांवरून कान धरून वर आले. कार्तिक पौर्णिमेची जत्रा आठ दिवसांवर होती.

"पाणी किती?" भाऊजींनी विचारलं.

"आठ पुरुष म्हणते लोकं."

साठात आठ पुरुष बसत नव्हते. पण मला धीर होता तो भाऊजींच्या स्वभावाचा. ते धाडसी माणूस नव्हते. कुठलंही काम आलं की ते मालकाला इतकं विचारत की मालक कंटाळून जाई. तळ खडकाचा की गाळाचा, कपार आहे का, पाणी शेवटचं कधी उपसलं, आत झाडाची मुळं आहेत का. मग दोन दिवस विचार करून हो किंवा नाही सांगत. आठ पुरुष म्हटल्यावर ते नाहीच म्हणतील, अशी मला खात्री होती.

"येतो," भाऊजी म्हणाले.

एवढंच. तळाचं विचारलं नाही, कपारीचं विचारलं नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते उठून दोर उन्हात टाकायला गेले.

निघायच्या दिवशी गंगाताईनं भाकरी बांधून दिल्या. माझ्या हातात गाठोडं देताना तिनं ते लगेच सोडलं नाही. "आठ पुरुष हाय म्हणते," ती म्हणाली. मी मान हलवली. "बरोब्बर मोजजो, सोनबा." तिला सगळं ठाऊक होतं. तिनंही तीन वर्षं तोंड उघडलं नव्हतं, आणि आता ती सगळं ओझं माझ्या हातावर ठेवत होती. मला तिचा राग आला. आपल्या नवऱ्याला आपण सांगायचं नाही आणि भावानं सांगावं म्हणायचं, हे बरं आहे.

आर्वीहून वर्ध्याला मोटारीनं, तिथून सेलूला, आणि पुढे चंद्रभानच्या बंडीत. बोलायला वाट भरपूर होती. मी तीनदा खाकरलो. एकदा तर "भाऊजी" म्हणूनही झालं. "काय?" त्यांनी विचारलं. "काई नाई. बैल चांगले हाये," मी म्हणालो. बैल खरोखर चांगले होते. एका चालीनं चालत होते. त्यांच्या पावलांबरोबर मी मनात आकडे मोजत होतो आणि साठ फार लवकर येत होते.

गावात पोचलो ते उन्हं चढल्यावर. बावडी मी पाहिली तशी मला आवडली नाही. चिऱ्यांच्या पायऱ्या खाली गेलेल्या, आणि पाणी काळं. वरून पाहिलं तर आपलं तोंड दिसत होतं, त्याखाली काही नाही. काठावर अर्धं गाव जमलेलं. महादेवराव पांढरा फेटा बांधून उभे होते आणि त्यांची म्हातारी आई आनंदाबाई देवळाच्या पायरीवर नारळ घेऊन बसली होती.

खोली मोजणं दोरवाल्याचं काम. मी दगड सोडला. दोर जात राहिला, जात राहिला आणि ढिला पडला. वर ओढून मी हातानं मापलं. बरोबर आठ पुरुष. तेव्हा मला एक युक्ती सुचली. मी आजवर खोटं एकाच दिशेला बोलत होतो, आता उलट्या दिशेला बोललं की झालं.

"साडेनऊ," मी मोठ्यानं सांगितलं.

"गावचे लोकं आठ म्हणून राह्यले," भाऊजी म्हणाले.

"लोकायचं काय जाते? दोर सांगते साडेनऊ."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, दोर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः दगड सोडला. स्वतः मापलं. "आठ," ते म्हणाले. "तुले ऊन लागलं काय, सोनबा?" लोक हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

मग ते पायरीवर बसले आणि बोटांवर हिशोब केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, कारण बापानं तसंच शिकवलं होतं. "आठ त्रिक चोवीस. घंटेले दोर बांधाले वीस. वर याले चोवीस. झाले अडुसष्ट. हातात राखाले वीस, म्हणजे अठ्ठ्याऐंशी. माहा दम नव्वद. बसते." त्यांनी महादेवरावांकडे पाहून मान हलवली. "दोन उरते, पाटील."

हिशोबात चूक नव्हती. माणूस इतका नीट विचार करणारा, आणि विचारात घातलेला एकच आकडा सडका. अडुसष्ट लागणार होते आणि जवळ साठ होते. आठ आकडे म्हणजे बैलाची आठ पावलं. वर येताना, माझ्या हातातल्या दोराला लटकून, अडीच पुरुष पाण्याखाली ते संपणार होते. मी ओढून काढणार होतो ते प्रेत. आणि गंगाताई मला विचारणार होती, मोजलं होतंस ना बरोबर?

आनंदाबाईनं नारळ फोडला. भाऊजींनी सदरा काढला, काचा मारला, दोर कंबरेला बांधला आणि गाठ मला दाखवली. मी गाठ ओढून पाहिली. दगड छातीशी धरून ते शेवटच्या पायरीवर उभे राहिले. दोन लांब श्वास घेतले.

"जाऊ?" त्यांनी विचारलं.

गेल्या वीस वर्षांत मी या प्रश्नाला किती वेळा "जा" म्हटलं असेल, देव जाणे. जीभ त्या शब्दाला इतकी सरावली होती की तो दातांपर्यंत आलाच. मी दात मिटून धरले.

"सोनबा, जाऊ?"

"नाई," मी म्हणालो.

त्यांनी मान वळवली. "काऊन?"

"तुमचा दम नव्वदाचा नाई, भाऊजी. साठाचा हाय. तापापासून साठाचाच हाय. मी लवकर लवकर मोजत होतो."

हे मी हळू बोलायला हवं होतं. बावडीत आवाज घुमतो. सगळ्या गावानं ऐकलं. कुणीतरी फिसकन हसलं आणि चंद्रभान म्हणाला, "आर्वीचा पाणबुड्या म्हणे!" भाऊजींच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. त्यांनी दगड पायरीवर ठेवला. मला वाटलं, आता वर येऊन ते माझ्या थोबाडीत मारतील, आणि मला ते चाललं असतं.

"बैल आणा," ते म्हणाले.

"कोणता बैल?" महादेवरावांनी विचारलं.

"चालणारा कोणताबी. या फरसावर चालवा. अन् तू मोज," ते मला म्हणाले. माझ्याकडे न पाहता म्हणाले.

चंद्रभाननं बंडीचा एक बैल सोडून आणला आणि बावडीच्या काठच्या फरसबंदीवर चालवायला सुरुवात केली. भाऊजी पायरीवर बसले आणि मान पाण्याखाली घातली. बैलाचा पुढचा उजवा पाय पडला की मी आकडा म्हणत होतो. हळूहळू गावातले लोकही माझ्याबरोबर म्हणायला लागले. सगळं गाव एका सुरात मोजत होतं, त्यामुळे पळवायचं म्हटलं तरी पळवता आलं नसतं. आणि खरं सांगतो, तेव्हाही मला पळवावंसं वाटत होतं. पस्तिसाला खांदे थरथरले. पन्नासाला त्यांनी पायरीची कड घट्ट धरली. बोटं पांढरी झाली. पंचावन्न. छप्पन. अठ्ठावन्नाला त्यांचं डोकं वर आलं.

ते तोंड उघडून श्वास ओढत राहिले. नाकातोंडातून पाणी गळत होतं. ते माझ्याकडे वळले.

"किती?"

"अठ्ठावन्न, भाऊजी."

त्यांनी मान डोलावली. मग उठून धोतर पिळलं, सदरा घातला आणि महादेवरावांपुढे हात जोडले. "पाटील, ही बावडी आज माह्या दमाची नाई. तीन पुरुषाले नऊ अन् नऊ अठरा, बांधाले वीस, राखाले वीस. झाले अठ्ठावन्न. वैशाखात पाणी तीन पुरुषावर आलं म्हणजे सांगावा धाडा. घंटा कुठी पळून नाई जात."

महादेवरावांचा चेहरा पडला. जत्रेचं बोलून झालं होतं, पाहुणे बोलावून झाले होते. ते काही म्हणणार तेवढ्यात आनंदाबाई पायरीवरून उठली. "घंटा नाई वाजली म्हणून महादेव काई बहिरा नाई होत," ती म्हणाली. तिनं नारळाची एक वाटी भाऊजींच्या हातावर ठेवली, आणि दुसरी माझ्या. मला ती खाववली नाही. मी पंच्याच्या टोकाला बांधून ठेवली.

परत येताना चंद्रभान बंडी हाकत होता. भाऊजी पुढे, मी मागे पाय सोडून. सेलूची झाडं दिसायला लागली. मग पाठमोरेच ते म्हणाले, "तळेगावची इहीर आठवते?"

आठवत होती. दोन वर्षांपूर्वी इंजिनाचा पाइप काढायला गेलो होतो. पाच पुरुष पाणी. भाऊजी पहिल्या बुडीला पाइप न बांधताच वर आले होते. दुसऱ्या बुडीला काम झालं होतं. "तुम्ही म्हणले, गाठ सुटली," मी म्हणालो.

"गाठ नोती सुटली. गाठ मारलीच नोती. तळाशी गेलो अन् डोळ्यापुढं काळं आलं. छाती फुटते का काय, असं झालं. तसाच वर आलो. तुले इचारलं, किती? तू म्हणला, साठ."

ते साठ म्हणजे खरे चाळीस होते.

"मी म्हटलं, साठातच काळं आलं? नव्वदाचा माणूस साठाले पळून आला? त्याच्यामागं भिडीच्या इहिरीत तसंच झालं. अन् एका देवळाच्या टाक्यात. दर बारीले छाती म्हणे, चाल वर, अन् दर बारीले तुहा आकडा म्हणे, अजून लय हाय." ते थोडं थांबले. "दम सरला हे मले कधी वाटलंच नाई, सोनबा. मले वाटलं, मी भित्रा झालो. तीन वर्स मी सोताले भित्रा समजून राह्यलो. तुह्या बहिणीलेबी नाई सांगितलं, लाज वाटे."

बैल त्यांच्या चालीनं चालत होते. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो. त्यांना चारचौघांत कमीपणा येऊ नये म्हणून मी जे केलं, त्यानं ते एकांतात तीन वर्षं स्वतःच्या नजरेतून उतरले होते. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त खोली होती, पाच पुरुषांची.

"म्हणून या घंटेले हो म्हटलं," ते म्हणाले. "म्हटलं, आठ पुरुष जातो, अन् भेव मोडून येतो. काळं आलं तरी वर नाई याचं, असं ठरवूनच आलतो."

त्यानंतर आर्वीपर्यंत ते बोलले नाहीत. आणि त्यानंतर सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. मधल्या काळात दोन-तीन लहान कामं आली, ती त्यांनी गंगाताईला दोरावर बसवून केली. गंगाताई बापापेक्षा कडक मोजते. तिचा बैल, ती स्वतःच म्हणते, लंगडा आहे. माझ्यावर तिचा राग नव्हता. पण घरी गेलो की ती मला जेवायला वाढायची आणि भाऊजी उठून ओसरीवर जायचे. मी जेवायचो. भाजीत मीठ जास्त असलं तर जास्त आहे म्हणायचो.

वैशाखात महादेवरावांचा सांगावा आला. बावडीचं पाणी उतरलं होतं. मला हे कळलं ते भाऊजी स्वतः माझ्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा. उन्हातून आले होते, डोक्यावर पंचा. "वजनी काम हाय. गंगाच्यानं नाई ओढणं होत," ते म्हणाले. "दोर घे."

या वेळी काठावर गाव नव्हतं. महादेवराव, चंद्रभान आणि आनंदाबाई, एवढेच. मी दगड सोडला. तीन पुरुष, वर एखाद वीत. भाऊजींनी दोर माझ्या हातातून घेऊन पुन्हा मापला, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. पूर्वीही ते मापत असत. निदान तसं मी स्वतःला सांगितलं.

"जाऊ?"

मी त्यांच्या छातीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. हिशोब पुन्हा केला. "जा, भाऊजी."

ते गेले. मी मोजायला लागलो. उन्हात, रिकाम्या फरसबंदीवर, मला तो कार्तिकातला बैल दिसत होता, आणि त्याच्या पावलाच्या पुढे मी जीभ जाऊ दिली नाही. तेहेतिसाला दोराला दोन हिसके बसले. मी ओढलं. एका हातात घंटेचा दोर धरून भाऊजी वर आले. चंद्रभान आणि मी मिळून घंटा ओढली. ती हिरवी पडली होती आणि तिच्यात गाळ भरला होता. आनंदाबाईनं तिथेच पदरानं पुसली आणि आतली लोळी हातानं हलवून वाजवली. आवाज बसका निघाला, पण निघाला.

भाऊजी पायरीवर बसून श्वास घेत होते. चेहरा शांत होता. खूप दिवसांनी मी तो तसा पाहत होतो.

"किती?" त्यांनी विचारलं.

"बेचाळीस."

त्यांनी माझ्याकडे डोळे वर करून पाहिलं. रागानं नाही. "खरं?" त्यांनी विचारलं.

"खरं."

पुढे आम्ही दोघांनी आणखी अकरा वर्षं काम केलं. आकडा पन्नासावर आला, मग पंचेचाळिसावर, आणि प्रत्येक दसऱ्याला त्यांनी तो मला मोठ्यानं सांगायला लावला. त्यांच्या विहिरी लहान होत गेल्या, शेवटी तर दीड पुरुष पाण्यातल्या बादल्या. छातीत काळं आलं की ते आता निमूट वर येत आणि कुणापुढे लाजत नसत. माझ्याशी हसत, बोलत, दसऱ्याला सोनं देत. पण पाण्यातून वर आले की "किती?" विचारायचे, मी आकडा सांगायचो, आणि प्रत्येक वेळी, अगदी शेवटच्या बादलीपर्यंत, ते विचारायचे, "खरं?"

नव्वदाच्या दिवसांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.